गुपित कुणाचे, अमानत कुणाची?

सरकारी कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का बसला की तो कागद कपाटात जातो. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असावी, ते किती वर्षे बंद राहावे, आणि आत दडवलेली गोष्ट जनतेच्या हिताच्या विरोधात असेल तर किल्ली सांभाळणाऱ्या माणसाने काय करावे, या तीन प्रश्नांवर जगभर वाद सुरू आहे. असा कागद कुणी बाहेर काढला की काही जण त्याला गद्दार म्हणतात, तर काही जण डोक्यावर घेतात. टीव्हीवर बातमी आली की आपल्या घरांतही जेवताना दोन तट पडतात.

पण आणखी एक कपाट आहे आणि त्यात आपले कागद आहेत. आधार क्रमांक, बोटांचे ठसे, रेशन कार्ड, बँकेचे खाते, मुलांच्या शाळेतील नोंदी, दवाखान्यातील रिपोर्ट. या कपाटाच्या किल्ल्या सरकारी खात्यांकडे, बँकांकडे आणि मोबाईल कंपन्यांकडे आहेत. सरकारचे गुपित फुटले तर गुन्हा दाखल होतो. आपले गुपित फुटले तर काय होते? या दोन्ही कपाटांचा विचार एकत्र केल्याशिवाय हा वाद नीट समजणार नाही.

उर्दूत ‘राज’ आणि ‘अमानत’ असे दोन वेगळे शब्द आहेत. राज म्हणजे लपवलेली गोष्ट. अमानत म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची, पण आपल्याकडे सांभाळायला दिलेली वस्तू. राज ठेवणारा स्वतःला मालक समजू शकतो; अमानत ठेवणाऱ्याला मालकाला हिशेब द्यावाच लागतो. सरकारची फाईल राज आहे की अमानत, या एका प्रश्नात सगळा वाद सामावलेला आहे.

शंभर वर्षांचा कायदा

आपल्या देशात सरकारी गुपितांचे रक्षण करणारा मुख्य कायदा आहे ‘शासकीय गुपिते अधिनियम’. तो १९२३ सालचा आहे. त्याआधी १८८९ आणि १९०४ साली असेच कायदे झाले होते. हे तिन्ही कायदे इंग्रजांनी केले आणि तेव्हा सरकार परके होते. प्रजेला काय कळू द्यायचे आणि काय नाही, हे राज्यकर्ते ठरवत. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, प्रजेचा नागरिक झाला, पण कायदा तोच राहिला.

या कायद्याची दोन वैशिष्ट्ये प्रत्येक नागरिकाला माहीत असायला हवीत. पहिले म्हणजे ‘गुपित’ कशाला म्हणायचे याची स्पष्ट व्याख्या त्यात नाही. दुसरे म्हणजे गुपित देणारा आणि ते जाणूनबुजून घेणारा असे दोघेही त्यात अडकतात. कलम ५ खाली तीन वर्षांपर्यंत, तर कलम ३ खाली, म्हणजे हेरगिरीच्या गंभीर प्रकारांत, चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ साली आपल्या पहिल्याच अहवालात हा कायदा रद्द करून त्यातील आवश्यक तरतुदी राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात घ्याव्यात अशी शिफारस केली. ती शिफारस कागदावरच राहिली.

व्याख्या सैल असेल तर काय घडते, हे पत्रकार इफ्तिखार गिलानी यांच्या प्रकरणात दिसले. ते ‘काश्मीर टाइम्स’चे दिल्लीतील प्रतिनिधी होते. जून २००२ मध्ये त्यांच्या घरावर आयकर खात्याचा छापा पडला. संगणकात काश्मीरमधील सैन्याच्या संख्येविषयीचा एक मजकूर सापडला आणि शासकीय गुपिते कायद्याखाली त्यांना अटक झाली. तो मजकूर पाकिस्तानातील एका संस्थेने आधीच छापून प्रसिद्ध केलेल्या लेखातला होता आणि इंटरनेटवर कुणालाही वाचता येत होता. लष्करी गुप्तवार्ता विभागाने आधी तो देशाच्या सुरक्षेला घातक ठरवला. नंतर त्याच विभागाने तो सहज उपलब्ध आहे आणि त्याला फारसे महत्त्व नाही असे कळवले. जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. तोवर त्यांचे सात महिने तिहार तुरुंगात गेले होते.

या प्रकरणात कोणते गुपित फुटले? कोणतेच नाही. तरीही एक माणूस तुरुंगात राहिला आणि त्याच्या घरच्यांना शेजारपाजारच्या नजरा सोसाव्या लागल्या. गद्दारीचा आरोप साध्या आरोपासारखा नसतो. तो माणसाच्या आधी त्याच्या घराला चिकटतो आणि निर्दोष सुटल्यानंतरही सहज निघत नाही.

गुपिताला मुदत हवी

म्हणजे सरकारने गुपिते ठेवूच नयेत का? तसे मुळीच नाही. शाळेचे उदाहरण घेऊ. बोर्डाच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका सीलबंद पाकिटात केंद्रावर येते. ती कस्टडीत राहते, ठरलेल्या वेळी साक्षीदारांसमोर उघडली जाते. अकरा वाजेपर्यंत ती गोपनीय असते आणि तशी ती असायलाच हवी. ती आधी फुटली तर वर्षभर अभ्यास केलेल्या हजारो मुलांवर अन्याय होतो. २०२४ च्या नीट परीक्षेच्या वेळी देशभरातील पालकांनी हा संताप अनुभवला. त्याच वर्षी जूनमध्ये परीक्षेतील गैरप्रकार रोखणारा केंद्रीय कायदाही लागू झाला. पेपर फोडणाऱ्याला कुणी जागल्या म्हणत नाही. तो चोरच असतो, कारण तो पैशासाठी दुसऱ्यांच्या मुलांचा हक्क विकतो.

पण परीक्षा संपली की हीच प्रश्नपत्रिका गुपित राहत नाही. मुले ती घरी नेतात, बाजारात तिचे संच मिळतात. चांगले गुपित असे असते. त्याला कारण असते आणि मुदतही असते. त्या प्रश्नपत्रिकेत चुकीचा प्रश्न छापला गेला असेल तर ‘गोपनीय आहे’ असे सांगून बोर्ड ती चूक कायमची झाकू शकत नाही.

हाच नियम सरकारला लावून पाहा. सैन्याच्या हालचाली, पाणबुड्यांची रचना, परकीय हेरांची माहिती ही गुपिते खरोखर जपायला हवीत. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या जात असलेल्या स्कॉर्पिन पाणबुड्यांविषयीची, मूळ फ्रेंच कंपनीची बावीस हजारांहून अधिक पाने बाहेर गेल्याची बातमी एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राने दिली. त्या पाणबुड्यांवर आपल्याच घरांतली मुले तैनात होणार होती. अशी माहिती फुटणे ही गंभीर गोष्ट आहे. मे २०२३ मध्ये पुण्यातील डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला पाकिस्तानी गुप्तहेराला माहिती दिल्याच्या आरोपावरून एटीएसने अटक केली. आरोप सिद्ध होईल की नाही, ते न्यायालय ठरवेल. पण अशा आरोपाची कसून चौकशी व्हायलाच हवी, याबद्दल दुमत नाही.

याउलट १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची कारणे शोधणारा हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल पाहा. साठ वर्षे उलटून गेली तरी तो अधिकृतपणे खुला झालेला नाही. २०१४ साली पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा देशाला तो वाचायला मिळाला. त्या युद्धातले सेनापती आणि मंत्री कधीच गेले. आता हे गुपित कुणाचे रक्षण करते? मुदत संपलेले गुपित देशाला वाचवत नाही. ते बहुतेक वेळा कुणाची तरी चूक झाकून ठेवते.

फोडणारा आणि उघड करणारा

अमेरिकेत हा वाद आपल्यापेक्षा उघडपणे झाला. १९७१ साली डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाचा सुमारे सात हजार पानांचा गुप्त सरकारी अहवाल वृत्तपत्रांना दिला. युद्धाविषयी एकामागून एक राष्ट्राध्यक्षांनी जनतेला खरे सांगितले नव्हते, हे त्यातून उघड झाले. सरकार छपाई थांबवण्यासाठी न्यायालयात गेले. ३० जून १९७१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. एल्सबर्ग मात्र पळून गेले नाहीत. ते न्यायालयात उभे राहिले आणि त्यांच्यावरील आरोपांची एकत्रित शिक्षा ११५ वर्षे होऊ शकली असती. सरकारी माणसांनीच त्यांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात चोरी केल्याचे उघडकीस आले आणि १९७३ मध्ये खटला रद्द झाला.

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सुरक्षा यंत्रणा आपल्याच कोट्यवधी नागरिकांच्या फोन कॉलच्या नोंदी गोळा करत असल्याचे कागदपत्रांसह दाखवले. ते देश सोडून गेले आणि आज रशियात आहेत, म्हणून त्यांच्यावर आजही टीका होते. पण २०२० मध्ये अमेरिकेच्याच एका अपील न्यायालयाने तो फोन-नोंदींचा कार्यक्रम बेकायदेशीर होता असे म्हटले. ज्याने बेकायदा काम दाखवले तो परदेशात, आणि ज्यांनी ते केले ते घरी, अशी ही विचित्र स्थिती आहे.

मात्र प्रत्येक उघड करणारा तितकाच जबाबदार असतो असे नाही. विकिलीक्सने २०१० पासून अमेरिकी वकिलातींच्या सुमारे अडीच लाख तारा प्रसिद्ध केल्या. सुरुवातीला वृत्तपत्रांबरोबर नावे झाकण्याची काळजी घेतली गेली. पण सप्टेंबर २०११ मध्ये त्या नावे न झाकताच खुल्या झाल्या. ज्या सामान्य लोकांनी विश्वासाने माहिती दिली होती त्यांची नावेही बाहेर आली. २०२३ मध्ये तर अमेरिकी हवाई दलाच्या राखीव तुकडीतील २१ वर्षांच्या एका तरुणाने युक्रेन युद्धाविषयीचे गुप्त कागद इंटरनेटवरील मित्रांच्या गटात टाकले. कोणता अन्याय उघड करायचा होता असे काही त्यात दिसले नाही. मित्रांत रुबाब मारणे हाच हेतू होता. पुढच्या वर्षी त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

ही उदाहरणे शेजारी ठेवली की काही कसोट्या हाती येतात. बाहेर काढलेल्या कागदात अन्याय किंवा खोटेपणा होता, की केवळ सनसनाटी माहिती? ती कुणाच्या फायद्यासाठी बाहेर आली? ज्यांचा काहीच दोष नाही अशा लोकांची नावे झाकली का? योग्य मार्गाने तक्रार करण्याचा प्रयत्न आधी झाला का? या चार प्रश्नांची उत्तरे शोधल्याशिवाय कुणालाही गद्दार किंवा नायक म्हणण्याची घाई करू नये.

इस्लामच्या इतिहासातही गुपित फुटल्याचा एक प्रसिद्ध प्रसंग आहे. मक्का विजयाच्या आधी मोहिमेची तयारी गुप्त ठेवण्यात आली होती. हातिब बिन अबी बलतआ (रजि.) यांनी मात्र मक्केतील कुरैशांना पत्र लिहून ती कळवण्याचा प्रयत्न केला. पत्र नेणाऱ्या स्त्रीला वाटेत गाठून ते परत आणले गेले. लष्करी गुपित शत्रूला देण्याचा हा सरळसरळ प्रकार होता. हजरत उमर (रजि.) यांनी कठोर शिक्षेची परवानगी मागितली. पण पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी आधी हातिब यांना विचारले, हे तुम्ही का केले? मक्केत मागे राहिलेल्या आपल्या कुटुंबाला कुणाचा आधार नाही, त्यांच्या रक्षणासाठी हे केले, असे उत्तर मिळाले. ते ऐकून घेतले गेले आणि बद्रच्या लढाईतील त्यांच्या सहभागाची आठवण देत त्यांना सोडून देण्यात आले. कृत्य चुकीचेच ठरले. तरीही शिक्षेच्या आधी प्रश्न विचारला गेला, माणसाची बाजू ऐकली गेली. आज टीव्हीच्या पडद्यावर निकाल आधी लागतो आणि प्रश्न कुणी विचारतच नाही.

सरकारने फोडलेले गुपित

‘योग्य मार्गाने तक्रार करा’ हे सांगणे सोपे आहे. पण तो मार्ग सुरक्षित आहे का? बिहारचे सत्येंद्र दुबे हे आयआयटी कानपूरमधून शिकलेले अभियंता. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात काम करताना सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहार त्यांच्या लक्षात आला. त्यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र त्यांच्या नावासह एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळी झाडून हत्या झाली. सीबीआयने हा लुटीचा प्रकार असल्याचे सांगितले आणि २०१० मध्ये तिघांना दोषी ठरवण्यात आले. पण नाव गुप्त ठेवण्याची विनंती का पाळली गेली नाही, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही.

दुबे यांनी कोणतेही सरकारी गुपित फोडले नव्हते. त्यांनी स्वतःचे एक गुपित सरकारकडे अमानत म्हणून ठेवले होते, आणि फुटले ते नेमके तेच. शत्रूपासून फायली जपणाऱ्या यंत्रणेला एका प्रामाणिक नोकराचे नाव जपता आले नाही.

या घटनेनंतर २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्तपणे तक्रार करण्याची सोय झाली. पुढे २०१४ मध्ये जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेत मंजूर झाला, त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. पण तो अंमलात आणण्याची अधिसूचना अजून निघालेली नाही. आपल्या महाराष्ट्रातही तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी भल्या सकाळी हत्या झाली. जमिनींचे व्यवहार ते कागदपत्रांच्या आधारे उजेडात आणत होते.

सर्वोच्च न्यायालयाने या वादात एक महत्त्वाचे पाऊल टाकले ते राफेल प्रकरणात. २०१९ च्या सुरुवातीला ‘द हिंदू’ या वृत्तपत्राने विमान खरेदीच्या फायलीतील काही नोंदी छापल्या. हे कागद संरक्षण मंत्रालयातून चोरीला गेले, असे सरकारच्या वतीने न्यायालयात सांगण्यात आले. नंतर त्या छायाप्रती असल्याचा खुलासा झाला. असे कागद न्यायालयाने वाचूच नयेत, असा सरकारचा आग्रह होता. १० एप्रिल २०१९ रोजी तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो एकमताने फेटाळला. त्या निकालात एल्सबर्ग यांच्या प्रकरणाचाही दाखला आहे. पुढे नोव्हेंबरमध्ये खरेदीविरुद्धच्या फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या, ही गोष्टही तितकीच खरी. म्हणजे न्यायालयाने कागद वाचले आणि मग सरकारच्या बाजूने कौल दिला. कागद उघडल्याने सरकार कोसळत नाही, हेही त्यातून दिसले.

दुसरे कपाट

आता आपल्या कपाटाकडे वळू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच वर्षी बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने दाखवून दिले की पेन्शन, रोजगार हमी यांसारख्या योजनांच्या चार सरकारी पोर्टलवर मिळून सुमारे तेरा कोटी लोकांचे आधार क्रमांक उघड्यावर होते. ही माहिती कुणी हॅकरने चोरली नव्हती. ती कार्यालयांनीच यादीच्या रूपात टाकली होती. दोनशेहून अधिक सरकारी संकेतस्थळांवर अशी माहिती दिसत असल्याचे आधार प्राधिकरणानेही नंतर मान्य केले.

जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या एका महिला पत्रकाराने बातमी दिली की पाचशे रुपये दिले आणि दहा मिनिटांत कुणाच्याही आधार क्रमांकावरून नाव, पत्ता, फोन दाखवणारा पासवर्ड मिळाला. प्राधिकरणाने बोटांचे ठसे सुरक्षित असल्याचे सांगितले आणि पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीत त्या पत्रकाराचेही नाव होते. दरवाजा उघडा आहे असे सांगणाऱ्यालाच चोर ठरवण्याची ही रीत आहे. मात्र काही दिवसांतच प्राधिकरणाने आधार क्रमांकाऐवजी वापरता येणारा सोळा अंकी ‘व्हर्च्युअल आयडी’ जाहीर केला. म्हणजे दरवाजाला कडीची गरज होतीच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक सायबर हल्ल्यात बंद पडले आणि कित्येक दिवस डॉक्टरांना हाताने कागदावर काम करावे लागले. देशभरातून आलेल्या गरीब रुग्णांना त्याचा फटका बसला. डेटा सुरक्षा म्हणजे फक्त इंजिनिअरांचा विषय, असे म्हणून चालणार नाही.

काही घरांत म्हटले जाते, ‘आपण काय गुन्हा केलाय? माहिती गेली तर गेली.’ त्यांच्यासाठी इतिहासातील एक धडा सांगतो. नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धाआधी नागरिकांची अतिशय नीटनेटकी नोंदवही होती. त्यात धर्माचाही रकाना होता. ती नोंद कुणाला मारण्यासाठी केलेली नव्हती. तो कारभाराचा भाग होता. १९४० मध्ये जर्मन सैन्य आले आणि तीच नोंदवही त्यांच्या हाती पडली. तिथले सुमारे तीन चतुर्थांश यहुदी मारले गेले. त्याला इतरही कारणे होती, पण ती नोंदवही हे एक मोठे साधन ठरले. मार्च १९४३ मध्ये काही धाडसी लोकांनी अॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावली. त्यांतील अनेकांना नंतर ठार केले गेले. त्यांना कागद जाळावे लागले, कारण तोवर कागद जपण्याची वेळ निघून गेली होती.

यातून घबराट पसरवायची नाही. आपला देश वेगळा आहे आणि इथे न्यायालये आहेत. पण माहिती गोळा करणाऱ्याचा आजचा हेतू चांगला असला तरी उद्या ती कुणाच्या हाती जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून जेवढी गरज तेवढीच माहिती घ्यावी, ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि काम झाले की पुसावी, हा आग्रह प्रत्येक नागरिकाने धरायला हवा. ज्यांची संख्या कमी आहे त्यांनी तर जास्तच.

दोन कायद्यांची ओढाताण

२००५ चा माहिती अधिकार कायदा पहिले कपाट उघडतो. शासकीय गुपिते कायद्याशी विसंगती आली तर माहिती अधिकार वरचढ ठरेल असे त्याचे कलम २२ सांगते. आपल्या राज्याने तर केंद्राच्या आधीच, २००२ साली, असा कायदा केला होता. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळते, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेवढेही शुल्क नाही. रेशन दुकानाचा साठा, शिष्यवृत्ती का अडली, गल्लीतील रस्त्यावर किती खर्च झाला, हे विचारण्यासाठी कुणालाही कागद चोरण्याची गरज पडत नाही.

दुसऱ्या कपाटाला कुलूप लावण्यासाठी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यात माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची संमती आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही जाहीर झाले. हे स्वागतार्ह आहे. पण याच कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय ठेवली आहे, आणि माहिती अधिकारातील एक कलमही बदलले आहे. पूर्वी ‘व्यक्तिगत माहिती’ नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, ती उघड करण्यात व्यापक जनहित आहे का, हे त्याच कलमात पाहावे लागे. आता व्यक्तिगत माहिती एवढेच कारण पुरते. जनहिताचा मुद्दा दुसऱ्या कलमाच्या आधाराने मांडता येतो, पण नकार देणे अधिकाऱ्याला सोपे झाले आहे.

या ओढाताणीवर तोडगा अवघड नाही. रेशनच्या यादीत लाभार्थ्याचे नाव आणि मिळालेले धान्य दिसायलाच हवे, नाहीतर चोरी कळणार कशी? त्याच यादीत आधार आणि खाते क्रमांक दिसता कामा नये. अधिकाऱ्याने सार्वजनिक पैसा कसा खर्च केला हे उघड असावे. त्याच्या मुलीचा फोन नंबर नसावा. सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्या कामावर प्रकाश हवा, आणि ज्याच्या हाती सत्ता नाही त्याच्या घरावर पडदा हवा. आज अनेकदा याच्या नेमके उलट होते.

आपल्या घरापासून

सरकारकडून अमानतीची अपेक्षा करताना आपले घरही तपासावे लागेल. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या मोबाईल ग्रुपमध्ये येमेनवरील हल्ल्याची चर्चा सुरू असताना एका संपादकाला चुकून जोडले गेले होते. तिथे हे घडते, तर आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये काय होत असेल? शिष्यवृत्तीच्या दिवसांत पालक मुलांच्या आधारचे फोटो, पासबुकचे पान, उत्पन्नाचा दाखला थेट वर्गाच्या ग्रुपवर टाकतात. दीडशे लोकांना ते दिसते. झेरॉक्सच्या दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर फाईल पाठवून प्रिंट घेतली जाते; प्रिंट घरी येते, फाईल त्याच्या मोबाईलमध्ये राहते.

काही साध्या सवयी लावून घेता येतील.

आधारची प्रत द्यायची वेळ आली तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ वापरावे. ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते. झेरॉक्सवर कोणत्या कामासाठी दिली ते आणि तारीख लिहून आडवी सही करावी.

बोटांच्या ठशांचे ‘बायोमेट्रिक लॉक’ लावून ठेवावे आणि गरजेपुरते उघडावे. दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत.

‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल आला, तुमचा आधार क्रमांकही त्यांनी बरोबर सांगितला, तरी घाबरू नये. तो क्रमांक कुठून तरी फुटलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. फोन बंद करून घरच्यांना सांगावे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवावे.

शाळेतून ‘अपार’ ओळख क्रमांकाचे किंवा दुसरे कोणतेही संमतीपत्र आले तर वाचून मगच सही करावी, आणि न समजलेले शिक्षकांना विचारावे. संमती म्हणजे विचारण्याचा हक्कही. केवळ आधार नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात स्पष्ट आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याचे गुपित पुढे पाठवू नये. कुणाच्या घटस्फोटाचे कागद, कुणाच्या आजाराचा रिपोर्ट, कुणाच्या मुलीचा फोटो ‘फॉरवर्ड’ करणाऱ्या हाताला सरकारकडे बोट दाखवण्याचा हक्क उरत नाही.

नव्या पिढीतील आपली अनेक मुले-मुली उद्या सरकारी नोकरीत जातील. कुणी तहसील कार्यालयात बसेल, कुणी बँकेत, कुणी सैन्यात. त्यांच्या हाती फायली आणि पासवर्ड येतील. त्यांना आजच दोन्ही गोष्टी शिकवायला हव्यात: पैशासाठी, दबावाखाली किंवा रुबाबासाठी कुणाचीही अमानत फोडायची नाही, आणि एखाद्या फाईलमध्ये गरिबाचा हक्क दडपला जात असेल तर ‘गोपनीय’ शिक्क्याकडे बोट दाखवून गप्प बसायचे नाही. कायद्याने दिलेल्या वाटेने, लेखी, तारखेसह ती गोष्ट वरच्यांच्या ध्यानी आणून द्यायची. आणि अशी हिंमत करणाऱ्याचे नाव जपणे हे त्याच्या भोवतीच्या सर्वांचे काम आहे. सत्येंद्र दुबे यांच्या पत्रावर ज्या टेबलांवरून शेरे मारले गेले, त्यांतील एका माणसाने जरी ते नाव झाकले असते तर अमानतीचा अर्थ त्या कार्यालयात कुणाला तरी कळला होता असे म्हणता आले असते.